कोंबडीखाली बदकाची अंडी

कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत शेळ्यांना पीपीआर या साथीच्या रोगाची लस टोचत होतो. शेवटची शेळी सोडली तशी घरच्या काकींनी हाक मारली, "डॉक्टरानू, कोंबडी पिल्लां घेवन भायर पडली. आता ह्या अंड्यांचा काय करूचा?"

खुराड्याच्या कोपऱ्यात पेंढ्यावर बदकाची सहा अंडी उघडी पडली होती. काकींनी एकाच खुडूक कोंबडीखाली, एकाच दिवशी पाच अंडी कोंबडीची आणि सहा बदकाची ठेवली होती. कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं, साध्या बदकाचं २८ दिवसांत. पाच पिल्लं वेळेवर निघाली आणि कोंबडी त्यांना घेऊन उकिरड्यावर गेली. कोंबडी दिवस मोजते असा समज आहे, पण तसं नसतं. सगळीच अंडी बदकाची असती तर ती आणखी आठवडाभर बसली असती. पिल्लांचा आवाज आणि पोटाखालची हालचाल जाणवली की तिला उबवायला बसवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक उतरतं, उबवणं थांबतं आणि पिल्लं सांभाळणं सुरू होतं. मागे राहिलेलं अंडं मग तिच्या लेखी नसतंच.

अंडी हाताला गार लागत होती, तरी टाकायची नव्हती. इतकं वाढलेलं पिल्लू अंड्यात स्वतःची थोडी ऊब तयार करतं, त्यामुळे काही तासांचा गारठा सोसू शकतं. माजघरातल्या अंधारात एकेक अंडं मोबाइलच्या टॉर्चवर धरलं. रुंद टोकाला हवेची पोकळी, बाकी काळोख, कडेला लाल शिरा आणि जरा थांबल्यावर आत हालचाल, अशी चार निघाली. एक आरपार स्वच्छ, म्हणजे फळलंच नव्हतं. सहाव्याला वास येत होता. असं अंडं उबेत फुटलं तर बाकीचीही नासतात, म्हणून ते पुरायला लावलं.

शेजारच्या अंगणात एक कोंबडी डालग्याखाली कोंडलेली होती. तिची खुडूक मोडावी म्हणून तिला रोज पाण्यात बुडवत होते. हवी होती नेमकी तीच. पण कोंबडी दिवसाउजेडी नव्या घरट्यात ठेवली तर उठून पळते. म्हणून अंधार पडेपर्यंत अंडी कापडात गुंडाळून कोमट पाण्याच्या बाटल्यांमध्ये ठेवली. बाटली मनगटाला जेमतेम कोमट लागायला हवी, कारण जास्त उष्णता गारठ्यापेक्षा लवकर मारते. रात्री टोपलीत पेंढा घालून तिला बसवलं आणि एकेक अंडं छातीखालून आत सरकवलं. तिनं चोचीनं ओढून ते स्वतःच नीट केलं.

बदकीण पाण्यातून ओल्या पिसांनी येऊन बसते, कोंबडी कोरडीच असते. त्यामुळे कोंबडी दाणे खायला उठली की अंड्यांवर कोमट पाणी शिंपडायला सांगितलं. अंडी तिला जड जातात, तेव्हा दिवसातून दोनदा हातानं फिरवायची. शेवटचे तीन दिवस मात्र हात लावायचा नाही.

पहिल्या अंड्याला तडा गेला त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. आतून बारीक आवाज येत होता आणि कोंबडी मान खाली घालून, एरवी कधी काढत नाही अशा खालच्या सुरात त्याला उत्तर देत होती. तिच्या जातीचं नसलेलं ते पिल्लू तिच्या प्रत्येक हाकेला आतून ओ देत होतं. मी बराच वेळ तिथंच बसून राहिलो. तडा गेल्यापासून पिल्लू बाहेर यायला दिवसभर किंवा त्याहून जास्त लागतो. काकी कवच सोलायला निघाल्या होत्या, त्यांना थांबवलं. आतल्या शिरांतलं रक्त अजून ओढलेलं नसतं, सोललं की पिल्लू रक्त जाऊन मरतं.

तीन पिल्लं निघाली. पहिले दोन दिवस त्यांना कोणी उचलायचं नाही, हे घरातल्या मुलांना बजावलं. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे एकहार्ड हेस यांनी १९५०च्या दशकात रानबदकांच्या पिल्लांवर प्रयोग केले, त्यांत १३ ते १६ तासांच्या वयात आईची ओळख सर्वांत पक्की बसताना दिसली. त्या तासांत समोर माणूस असेल तर पिल्लू माणसामागे लागतं.

पुढे खरी अडचण येते ती खाण्याची. कोंबडी टुकटुक करत कोरडी कणी टाकते, आणि बदकाचं पिल्लू ती चोचीत भरून घुसमटतं. कणी भिजवून द्यावी आणि शेजारी नाकपुड्या बुडतील इतकं खोल पाणी ठेवावं. बदकाच्या पिल्लाला नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं, किलोभर खाद्यात ५५ मिलिग्रॅमच्या आसपास. ते कमी पडलं की पाय वाकतात. म्हणून नुसती कणी न देता चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य, आणि पाण्यातून बी-कॉम्प्लेक्स द्यायला सांगितलं. बुरशी धरलेली शेंगदाणा पेंड तर अजिबात नको, त्या बुरशीच्या विषानं, अफ्लाटॉक्सिननं, बदकं फार लवकर मरतात. पिसं फुटेपर्यंत खोल पाणीही नको, कारण पिल्लं भिजून गारठतात आणि बांधावर आरडाओरडा करणारी कोंबडी त्यांना आणायला पाण्यात उतरू शकत नाही.

पुढच्या वेळी बदकाची अंडी आधी आणि कोंबडीची आठव्या दिवशी ठेवू का, असं काकींनी विचारलं. हिशेब बरोबर आहे, तरी मी नको म्हणालो. बदकं पेंढा ओलाचिंब करतात आणि त्यात कोंबडीची पिल्लं गारठतात. एका कोंबडीखाली एकाच जातीची अंडी ठेवावीत, आणि बदकाची असतील तर आठाच्या वर नकोत.