ब्राउन काउंटीत हिकरीच्या रानात

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातलं कोलंबस हे, पुण्यातही कारखाना असलेल्या कमिन्स या इंजिन कंपनीचं गाव. त्यामुळे किराणा घेताना मागून अस्सल कोथरुडी मराठी ऐकू आलं तरी दचकायचं नाही. माझा भाऊही तसाच पुण्याहून इथे आलेला. ऑक्टोबरात त्याच्याकडे गेले होते, तेव्हा आम्ही जवळच्या ब्राउन काउंटी स्टेट पार्कात गेलो. गर्दी लोटते ती मेपलच्या लालीसाठी. मी मात्र पिवळ्यात अडकले. तो पिवळा हिकरी नावाच्या झाडांचा.

इथल्या हिकऱ्यांपैकी शॅगबार्क ओळखायला पुस्तक लागत नाही. जून झाडाची साल लांबलांब पट्ट्यांनी सुटते. पट्टी मधे खोडाला धरून असते आणि दोन्ही टोकं बाहेर वळलेली. इंडियाना बॅट ही धोक्यात आलेली वटवाघळं उन्हाळ्यात अशाच सुट्या सालीखाली पिलं वाढवतात. कोवळ्या झाडाची साल मात्र गुळगुळीत. मग पान बघायचं: एका देठावर बहुधा पाच पर्णिका.

कूळ अक्रोडाचं, आणि दुकानात सुक्यामेव्यात मिळणारा पिकन म्हणजे हिकरीचीच एक जात. लाकूड कठीण तर आहेच, पण त्याचं खरं मोल हादरा पचवण्यात. म्हणून कुऱ्हाडी-हातोड्यांचे दांडे, घोडागाड्यांच्या चाकांचे आरे, ढोल-ड्रमच्या काठ्या हिकरीच्या. स्टील येईपर्यंत गोल्फच्या काठ्याही. बेसबॉलवाला बेब रूथ हिकरीचीच जडशीळ बॅट फिरवायचा. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनला त्याच्या सैनिकांनी ‘ओल्ड हिकरी’ म्हटलं ते याच चिवटपणावरून. आपल्याकडे दांड्याला धामण किंवा बाभूळ शोधतात, तो मान इथे हिचा.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे मात्र इथे शब्दशः घडलं. एकोणिसाव्या शतकात वसाहतवाल्यांनी शेतीसाठी या टेकड्या बोडक्या केल्या, मातीही वाहून गेली. पार्क झालं १९२९ साली. आज दिसतं ते बरंचसं रान पुन्हा उभं राहिलेलं आहे. हिकरीच्या बाबतीत हे सोपं नाही. रोपाचं सोटमूळ इतकं खोल जातं की उपटून दुसरीकडे लावणं अवघड, आणि भरपूर फळं धरायला साधारण चाळीस वर्षं लागतात.

फळं भावाच्या शेजारच्या आजोबांकडे चाखली. हिरवं जाड टरफल चार फाकांत आपोआप उलगडतं, पण आतलं कवच हातोडीलाच दाद देतं. एवढ्या ठोकाठोकीनंतर गर हाती येतो नखाएवढा! चव गोड, अक्रोडाचा कडवटपणा जराही नाही. चेरोकी या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांनी ही निवडानिवड कधीच निकालात काढली. ते कवचासकट फळं कुटून गोळे करतात, गोळा उकळत्या पाण्यात विरघळवतात आणि गाळून घेतात. नारळाच्या दुधासारखा दाटसर रस उतरतो आणि कवच गाळणीत राहतं. या पदार्थाला ‘कनुची’ म्हणतात. त्यात भात किंवा मक्याचे दाणे घालतात.

हिकरीच्या धुरावर इथे मुख्यतः डुकराचं मांस शिजवतात. भावाने त्याच धुरावर पनीर ठेवलं. मला विचाराल तर मांसाहारी मंडळींनी एकट्याने मिरवण्याइतकं त्या धुरात काही राखीव नाही.

रंग बघायचे तर ऑक्टोबरचा मध्य गाठा आणि शनिवार-रविवार टाळा. पार्कातल्या हेझिटेशन पॉइंटवरून सगळे डोंगर दिसतात, पण हिकरीची साल हात लावून बघायची तर गाडी सोडून पायवाटेनेच उतरावं लागेल.