ओवीचा कान नक्की किती वेळा दुखला?

"गेल्या वर्षभरात कान किती वेळा दुखला?" कॉलेज रोडवरच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, सात वेळा. नवरा म्हणाला, तीनदा. सासूबाई मागून म्हणाल्या, "अहो डॉक्टर, सारखाच दुखतो."

ओवी साडेतीन वर्षांची. प्रश्न होता ग्रोमेटचा, म्हणजे कानाच्या पडद्यात बसवायच्या बारीक नळीचा. मधल्या कानाला ६ महिन्यांत ३ वेळा, किंवा वर्षात ४ वेळा (त्यातली एक तरी शेवटच्या ६ महिन्यांतली) संसर्ग झाला असेल, तर तो विचार करायचा. थोडक्यात, माझे सात आणि याचे तीन यांच्या मधोमध पोरीचं ऑपरेशन. "आठवणीवर नको, कागद आणा," डॉक्टर म्हणाले.

कागद! इंदिरानगरच्या घरात अख्खा रविवार त्यातच गेला. चिठ्ठ्या निम्म्याच सापडल्या. बाकीचं फोनमधून उकरलं: मेडिकलवाल्याला पाठवलेले फोटो, यूपीआयची देणी, "ओवी आज येणार नाही" असे नर्सरीच्या टीचरना केलेले मेसेज. तारीखवार वहीत उतरवलं आणि माझे सात गळायला लागले.

तीन वेळा नुसता सर्दी-ताप, चिठ्ठीवर कानाचं नावही नाही. ती कान ओढत होती म्हणून मीच ते कानाच्या खात्यात टाकलेलं. (झोप आली तरी मुलं कान ओढतात, हे मला आता कळतंय.) एक तर फेरतपासणी होती, संसर्ग गेल्यावरही पडद्यामागे काही आठवडे पाणी राहतं, ते बघायला बोलावलं होतं. आणि दिवाळीतली ती रात्र, ओवीला खांद्यावर घेऊन गॅलरीत काढलेली, बाहेर फटाके. गेल्याच दिवाळीतली, यावर मी पैज लावली असती. फोटोवर तारीख त्याच्या आदल्या वर्षीची.

उरले दोन. मग सासूबाईंनी त्यांच्या बटव्यातून घडी केलेली एक चिठ्ठी काढली. मी पुण्याला लग्नाला गेले असताना त्यांनी ओवीला पंचवटीतल्या डॉक्टरांकडे नेलं होतं. पडदा लाल, अँटिबायोटिक ५ दिवस. आम्हा दोघांना पत्ता नाही!

झाले तीन. शेवटच्या ६ महिन्यांत दोनच. नवरा खूश. पण त्याच्या तिनांत ती जुनी दिवाळी होती आणि पंचवटी नव्हती. उत्तर बरोबर, गणित चूक. हे मी त्याला दोनदा ऐकवलं.

डॉक्टरांनी वही नीट वाचली. टिंपॅनोमेट्री, म्हणजे कानाचा पडदा किती हलतो ते मोजणारी तपासणी केली, डाव्या कानाचा आलेख सपाट, म्हणजे आत पाणी. ३ महिने वाट बघू, तरी राहिलं तर ऐकण्याची तपासणी करू, म्हणाले. या वयात नाकामागून कानाकडे जाणारी नळी आखूड आणि आडवी असते, वाढत्या वयात ती तिरकी होते. लसणीचं कोमट तेल कानात घालायचं नाही, हे मात्र सासूबाईंकडे बघून सांगितलं.

वही आता फ्रिजवर असते. काल त्यात सासूबाईंचं अक्षर दिसलं: "१४ मार्च. नाक गळतंय. कान नाही. तेल घातलं नाही."