अलहाम्ब्रा: आधी तिकीट, मग विमान

दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादा शहरात, अलहाम्ब्राच्या प्रवेशमंडपापाशी सकाळी पावणेनऊला नागपूरचं एक जोडपं भेटलं. आदल्या रात्री माद्रिदहून आले होते आणि दुसऱ्या दिवशी बार्सिलोनाला निघायचे होते. तिकीट इथेच मिळेल असं धरून ग्रानादाला दोन दिवस ठेवले होते. त्या दिवसाचं तिकीट नव्हतं, दुसऱ्या दिवसाचंही नव्हतं. इतक्या लांब येऊन त्यांना राजवाडे न बघता परत जावं लागलं. त्यांचे चेहरे डोळ्यांसमोरून जात नाहीत, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. टूर कंपनीशिवाय, स्वतःचं स्वतः जाणाऱ्यांना उपयोगी पडावं.

आम्ही तिघं होतो: मी, नवरा आणि माझी ६७ वर्षांची आई. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. हवा छान, सकाळी स्वेटर लागायचा, दुपारी ऊन. ईस्टरचा आठवडा मुद्दाम टाळला होता, कारण तेव्हा दक्षिण स्पेनमध्ये मिरवणुका असतात आणि गर्दी दुप्पट होते.

पहिली गोष्ट नीट समजून घ्या. अलहाम्ब्रा म्हणजे एक इमारत नाही. टेकडीवरचा अख्खा कोट आहे तो. एका टोकाला जुना किल्ला अल्काझाबा, मध्ये नासरी राजवाडे (नासरी म्हणजे इथलं शेवटचं मुस्लिम राजघराणं), दुसऱ्या टोकाला हेनेरालिफे ही सुलतानांची बागेतली उन्हाळी वाडी. 'अलहाम्ब्रा जनरल' या तिकिटात तिन्ही येतं, पण त्यातल्या नासरी राजवाड्यांना वेळ बांधलेली असते. दर अर्ध्या तासाला तीनशे माणसं आत सोडतात. तिकिटावर ११:०० लिहिलं असेल तर ११ ते ११:३० या अर्ध्या तासात दारातून आत गेलं पाहिजे. एकदा आत गेलात की किती वेळ थांबायचं ते तुमच्यावर. मात्र बाहेर पडलात की पुन्हा आत नाही. किल्ला आणि बाग तुमच्या सोयीने बघता येतात, पण तिथेही प्रत्येक ठिकाणी एकदाच प्रवेश. थोडक्यात, तुम्ही विकत घेता ती खरं तर राजवाड्यांची वेळ. सहलीचा आराखडा त्या वेळेभोवती आखा, उलट नको.

'जनरल'शिवाय आणखी तिकिटं आहेत आणि इथेच लोक फसतात. 'गार्डन्स, हेनेरालिफे अँड अल्काझाबा' असं एक तिकीट आहे, ते स्वस्त दिसतं, पण त्यात राजवाडे नाहीत. रात्रीची तिकिटं वेगळी, त्यांतही राजवाड्यांचं निराळं आणि बागांचं निराळं. पहिल्यांदा जाणाऱ्याने डोळे झाकून 'जनरल' घ्यावं, साधारण वीस-बावीस युरोंच्या आसपास पडतं. १२ वर्षांखालच्या मुलांना फुकट आहे, पण तिकीट त्यांच्याही नावाचं काढावं लागतं. ज्येष्ठांची सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे, त्यामुळे आपल्या आईवडिलांचं पूर्ण तिकीट काढा. चुकून सवलतीचं काढलं तर दारात पासपोर्ट दाखवताना पंचाईत होईल.

तिकीट कुठून काढायचं? 'पात्रोनातो दे ला अलहाम्ब्रा इ हेनेरालिफे' या सरकारी संस्थेच्या साइटवरून. सर्च केलं की सगळ्यात वर ज्या दोन-चार साइट येतात त्या जाहिराती असतात. नाव तसंच, फोटो तसेच, किंमत मात्र दुप्पट. मीसुद्धा आधी अशाच एका साइटवर नावं भरून पैसे द्यायच्या पानापर्यंत गेले होते. तिथे 'गाइडेड' हा शब्द बारीक अक्षरात दिसला म्हणून थांबले. गाइड हवा असेल तर तेही वाईट नाही, पण आपण नेमकं काय घेतो आहोत ते कळून घ्यावं.

आम्ही जानेवारीच्या अखेरीला एप्रिलचं बुकिंग केलं. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरसाठी दोन-तीन महिने आधी काढलंत तर मनासारखी वेळ मिळते. साइटवर दिसणाऱ्या सगळ्या वेळा स्पेनच्या असतात. आपलं घड्याळ हिवाळ्यात साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन.

आता कार्डाबद्दल. आपल्याकडच्या कार्डांवर परदेशातले ऑनलाइन व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन चालू करावे लागतात आणि मर्यादाही वाढवावी लागते. मी ते केलं नव्हतं. तिघांची नावं, पासपोर्ट नंबर, ईमेल असं सगळं भरून झालं, साडेनऊची वेळ निवडली आणि शेवटी कार्ड नाकारलं गेलं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन सेटिंग बदलून परत येईपर्यंत पान संपलेलं होतं, पुन्हा पहिल्यापासून भरावं लागलं, आणि तोवर साडेनऊची वेळ गेली होती. अकराची मिळाली. तेव्हा आधी कार्ड चालू करून घ्या, एखादी छोटी परदेशी खरेदी करून तपासून बघा, आणि मगच तिकिटाला बसा. दुसरं एक कार्डही हाताशी ठेवा.

नावं पासपोर्टवर आहेत तशीच भरायची. आपल्याकडे नेहमी अडचण होते ती मधल्या नावाची. आईच्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या ओळीत तिचं आणि बाबांचं अशी दोन्ही नावं आहेत, आडनाव वेगळ्या ओळीत. पहिल्या रकान्यात ती दोन्ही नावं जशीच्या तशी टाकली, दुसऱ्यात आडनाव. 'सौ.' नाही, घरातलं नाव नाही.

आणि पासपोर्टची मुदत बघा. तिकीट काढायच्या आधी बघा. आम्ही हे उलट्या क्रमाने केलं. तिकीट काढून झाल्यावर व्हिसाचे कागद जमवायला बसलो तेव्हा लक्षात आलं की आईच्या पासपोर्टची मुदत मेमध्येच संपते आहे. शेंगेन व्हिसासाठी (स्पेनसह बऱ्याच युरोपीय देशांना चालणारा एकच व्हिसा) परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने मुदत शिल्लक लागते. धावपळ करून पासपोर्टचं नूतनीकरण केलं, नवा पासपोर्ट आला, आणि त्याचा नंबर अर्थातच वेगळा. तिकिटावर जुना नंबर! नाव न बदलता येणारं तिकीट, आणि नव्याने काढायला गेलो तर त्या दिवशी आमच्या गटात जागा नाही.

शेवटी रद्दचा शिक्का मारलेला जुना पासपोर्ट आणि नवा, दोन्ही घेऊन गेलो. नव्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जुन्या पासपोर्टचा नंबर छापलेला असतो, तेवढाच आधार होता. राजवाड्यांच्या दारात एक तरुण मुलगी तपासत होती. तिने तिकीट पाहिलं, पासपोर्ट पाहिला, मान हलवली. मी जुना पासपोर्ट पुढे केला, मग नव्याचं शेवटचं पान उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं. तिने एकेक अंक ओठांत पुटपुटत ताडून पाहिला. मागे रांग उभी होती आणि आई माझा दंड घट्ट धरून होती. मग ती मुलगी हसली आणि आईला 'पासे, सेन्योरा', म्हणजे 'या आत, बाई', म्हणाली. आमचं निभावलं, पण प्रत्येकाचं निभावेलच असं धरू नका. मूळ पासपोर्ट मात्र प्रत्येकाने बरोबर ठेवाच, फोनमधल्या फोटोवर विसंबू नका.

तिकिटं संपलेली दिसली तर लगेच हार मानू नका. सुटलेली तिकिटं साइटवर अधूनमधून परत दिसतात, म्हणून रोज एकदा उघडून बघत राहावं. तीन-चार जण असाल तर सगळ्यांना एकत्र मिळायची वाट न बघता दोन-दोन करून शेजारच्या वेळांची घ्या. दुसरा मार्ग 'ग्रानादा कार्ड'. शहराच्या या पासमध्ये अलहाम्ब्रा, कॅथेड्रल, राजघराण्याचं चॅपेल वगैरे येतं आणि तो घेतानाच राजवाड्यांची वेळ निवडायची असते. तिसरा मार्ग रात्रीच्या राजवाड्यांचं तिकीट. यातलं काहीच जमलं नाही तरी कोटाच्या आत सम्राट पाचव्या कार्लोसचा राजवाडा विनातिकीट बघता येतो. १५२७ मध्ये बांधायला घेतलेली ती बाहेरून चौकोनी आणि आतून गोल चौक असलेली इमारत आहे. नागपूरच्या त्या दोघांना आम्ही तिथेच पाठवलं.

आता त्या दिवसाचं. मुख्य प्रवेशमंडप वरच्या टोकाला, हेनेरालिफेच्या बाजूला आहे. तिथून नासरी राजवाड्यांपर्यंत भरभर चालणाऱ्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आईच्या चालीने आम्हाला अर्धा तास लागला. नकाशावर हे अंतर जाणवतच नाही आणि लोकांची वेळ नेमकी इथे चुकते. तुमची वेळ सकाळी लवकरची असेल तर मंडपाकडे जाऊच नका. तिकीट फोनवर असेल तर 'पुएर्ता दे ला हुस्तिसिया' या न्यायद्वारातून आत शिरा, तिथून राजवाडे जवळ आहेत. नंतर किल्ला, मग बाग, आणि वरून बसने खाली. वेळ उशिराची असेल तर आमच्यासारखं करा: मंडपातून आत, आधी हेनेरालिफे, मग उतरत उतरत राजवाडे, शेवटी किल्ला. खालच्या शहरातून, प्लाझा इसाबेल ला कातोलिकापासून, सी३० आणि सी३२ या छोट्या लाल बस वर येतात. प्लाझा नुएवापासून कुएस्ता दे गोमेरेसचा चढही सुंदर आहे, पण गुडघे दुखणाऱ्यांनी बसच घ्यावी.

पाठीवरची सॅक आत पोटावर घ्यायला लावतात, मोठ्या बॅगा आणायच्याच नाहीत. कारण आत गेल्यावर कळतं. भिंतीवरचं नक्षीकाम चुन्या-जिप्समच्या गिलाव्यात कोरलेलं आहे. चौदाव्या शतकातलं हे काम आहे, आणि एक खांदा घासला तरी झिजेल इतकं नाजूक. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात ठरावीक माणसंच का सोडतात हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना तीनशेच्या मर्यादेचं कारण सांगायला नको. तिकीट मिळवताना याच मर्यादेचा त्रास झाला होता. आत उभी राहिल्यावर वाटलं, ती हवीच.

कोमारेसच्या चौकात लांबट हौद आहे, दोन्ही बाजूंना मर्टलची, म्हणजे आपण जिला विलायती मेंदी म्हणतो तिची, कापलेली कुंपणं. पाण्यात मनोऱ्याचं प्रतिबिंब. पलीकडे सिंहांचा चौक, १२४ सडपातळ खांब आणि मधोमध बारा सिंहांच्या पाठीवर तोललेलं कारंजं. सुलतान पाचव्या मुहम्मदाच्या काळातलं हे काम. लोक फोटो काढून पुढे सरकतात, तुम्ही मात्र कारंज्याभोवती एक चक्कर मारा आणि एकेका सिंहाचं तोंड बघा. बाराही वेगळे आहेत, कुणाचे कान, कुणाची आयाळ.

आई सगळ्यात जास्त थांबली ती राजदूतांच्या दालनात. लोकांच्या माना वर होत्या, कारण तिथलं हजारो लाकडी तुकड्यांचं छत प्रसिद्ध आहे. आई मात्र कमरेइतक्या उंचीवरच्या फरशांकडे बघत होती. हिरवे, निळे, काळे, मधाच्या रंगाचे तुकडे एकमेकांत गुंफून केलेल्या चांदण्या. तिने साठ वर्षं दारात ठिपक्यांची रांगोळी काढली आहे. जवळ जाऊन, हात मागे बांधून, ती म्हणाली, "यांनी ठिपके कुठे टाकले असतील गं?" आणि मोजायला लागली. आमच्या मागून आलेला आणि त्याच्याही मागून आलेला गट पुढे गेला. कुणी हटकलं नाही. दालनात बसायची सोय फारशी नाही, तेव्हा वडीलधाऱ्यांना आधी बागेत भरपूर बसवून मग आत न्या. संपूर्ण कोट नीट बघायला आम्हाला साडेपाच तास लागले. पाण्याची बाटली आणि थोडा सुका खाऊ जवळ असू द्या.

किल्ल्याच्या वेला मनोऱ्यावर मी एकटीच चढले, जिना अरुंद आहे. वरून एका बाजूला सिएरा नेवादा डोंगरांचा बर्फ आणि दुसऱ्या बाजूला अल्बाइसिन या समोरच्या जुन्या वस्तीची पांढरी घरं दिसतात. २ जानेवारी १४९२ ला शेवटच्या सुलतानाने, बोआब्दिलने, हे शहर ख्रिस्ती राणी-राजा इसाबेल आणि फेर्नांदोच्या हाती दिलं. संध्याकाळी अल्बाइसिनमधल्या सान निकोलासच्या कट्ट्यावर जा. मावळतीला तटबंदी तांबूस होते तेव्हा 'अल-हम्रा', लाल, हे नाव का पडलं ते समजतं. तिथे गर्दी असते, खिसा सांभाळा.

खाण्याचं शेवटी. ग्रानादात पेयाबरोबर छोटी बशी फुकट येते, पण तिच्यात बहुधा हॅम असतं. शाकाहारी असाल तर आधीच 'सिन कार्ने, सिन हामोन' (मांस नको, हॅम नको) सांगा. आणि 'बेरेन्हेनास कोन मिएल' मागवा: तळलेले वांग्याचे काप, वरून उसाचा काळा पाक. आईने बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली, "अगं, ही तर काकवी." आम्ही तीन रात्री तेच खाल्लं.