झडीनंतरच्या पांढऱ्या अळ्या

पोळ्याच्या आसपास दारव्ह्याकडे झड लागली की काळ्या वावरात पाऊल उचलत नाही. कीड सर्वेक्षक म्हणून माझं काम मात्र त्याच दिवसांत वाढतं. आभाळ दाटून राहिलं की सोयाबीनवर उंटअळी आणि तंबाखूची पानं खाणारी अळी दिसायला लागते, आणि गावोगावी फवारणीची घाई सुटते. त्या घाईला कारणही आहे. २००८ साली तंबाखूच्या अळीनं आपल्याकडचं सोयाबीन अक्षरशः खाऊन टाकलं होतं. त्या तडाख्यानंतरच, २००९-१० पासून, क्रॉपसॅप या राज्याच्या कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्पाखाली कीड मोजायचं काम सुरू झालं.

त्या सकाळी एका काकूंच्या वावरात गेलो, तेव्हा धुऱ्यावर दोन पंप भरायला तयार होते. कीटकनाशक होतं, आणि दुकानदारानं सोबत बुरशीनाशकही दिलेलं.

"भाऊ, आभाळ हटून नाई राह्यलं. पाल्याची चाळणी झाली. आज नाई मारलं त हाती का येईन?"

मी म्हटलं, "काकू, पंप भरू नका. आधी मोजू द्या."

ओळींच्या मधे पोतं अंथरलं आणि मीटरभर ओळीतली झाडं झटकली. फुलोऱ्याआधी मीटरभर ओळीत चार अळ्या दिसल्या की फवारणीचा विचार करायचा, असा आमचा हिशेब. पहिल्याच ठिकाणी त्याहून जास्त निघाल्या. पण निम्म्याहून अधिक हलतच नव्हत्या. मग शेंड्यांकडे नीट पाहिलं. पानापानावर ताठ झालेल्या, चुना लावल्यासारख्या पांढऱ्या अळ्या चिकटलेल्या होत्या. काहींवर फिकट हिरवी भुकटी धरलेली.

ही नोमुरिया नावाची बुरशी. तिचे बीजाणू अळीच्या अंगावर पडतात, ओलाव्यात रुजतात आणि कातडी भेदून आत शिरतात. आठवड्याभरात अळी मरते, आणि मरण्याआधी बरेचदा शेंड्याकडे चढते. तिथं अंगावर धरलेली हिरवी भुकटी म्हणजे नवे बीजाणू. वारा आणि पाऊस ते खालच्या अळ्यांवर नेऊन टाकतात. हे सगळं व्हायला हवेत दमटपणा लागतो. म्हणजे ज्या झडीनं काकूंची झोप उडाली होती, तीच त्यांच्या वावरात अळी मारत होती. मी आजवर तुरळक मेलेल्या अळ्या पाहिल्या होत्या. अख्खं वावर असं पांढरं झालेलं पहिल्यांदाच पाहत होतो.

एका पानाखाली ढालीच्या आकाराचा ढेकूण अळीच्या पोटात सोंड खुपसून बसला होता. काकूंनी तो चिरडायला बोट पुढं केलं. तो अळीच खातो, पीक नाही, हे दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ वाकून पाहत राहिल्या.

बुरशीनाशक मारलं असतं तर ही कामाची बुरशीच आधी मेली असती, आणि कीटकनाशकानं ढेकूण, कोळी, ढालकिडे गेले असते. दोन्ही एकाच पंपात घालून द्यायची ही पद्धत मला फार खटकते. आणि फवारणी म्हणजे नुसता पैशाचा प्रश्न नाही. २०१७ मध्ये आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. गरज नसलेला एकेक पंप टळला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

काकूंचा मुलगा तयार नव्हता. "अन् नाई मेल्या त?" त्याचं विचारणं रास्त होतं. तीन दिवसांनी परत मोजू, जिवंत अळ्या चारच्या वर राहिल्या तर लगेच फवारा, असं ठरलं. परत गेलो तेव्हा आभाळ तसंच होतं. पोत्यावर एक-दोन जिवंत अळ्या पडल्या, बाकी सगळ्या पांढऱ्या-हिरव्या. पंप घरीच राहिले.

त्याच दिवशी काकूंच्या दिरानं टेकडीकडच्या बरड वावरात नेलं. तिथं पाणी थांबत नाही, पीक विरळ, वारा मोकळा. मेलेली अळी शोधून सापडेना आणि जिवंत अळ्या मर्यादेच्या बऱ्याच वर होत्या. तिथं मीच फवारणी करा म्हणालो. फक्त कीटकनाशक, बुरशीनाशक न मिसळता, वारा पडल्यावर, तोंडाला मास्क आणि हातमोजे घालून.