न वाचलेले ३४७

माझे वडील रोज संध्याकाळी बडोद्याच्या दांडिया बाजारातून पायी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जात. घरी गुजराती दैनिक येत असे, पण मराठी अंक चाळल्याशिवाय त्यांचा दिवस पुरा होत नसे. ठरलेल्या बाकावर बसून ठरलेल्या क्रमाने तीन दैनिके आणि एक साप्ताहिक ते वाचत, आणि कुणी चौथे पुढे सरकवलेच तर "आज एवढे पुरे" म्हणून उठत. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून उभारलेल्या वाचनालयांच्या व्यवस्थेत गावोगावी पुस्तकांच्या पेट्या पाठवण्याचीही सोय होती. वाचक जिथे आहे तिथे मजकूर पोचवायचा, ही कल्पना बडोद्याला नवी नाही.

माझी गरज वडिलांपेक्षा फारशी वेगळी नाही. पुण्या-मुंबईकडचे चार लेखक, बडोद्याच्या बातम्या देणारी दोन गुजराती संकेतस्थळे आणि खगोलशास्त्रावरचे एक इंग्रजी, एवढ्यांचे नवे लिखाण एका जागी आणि आले त्या क्रमाने दिसावे, इतकेच मला हवे होते. त्यासाठी लागणारे तंत्र जुनेच आहे. संकेतस्थळ आपल्या नव्या मजकुराची यादी एका साध्या फाईलमध्ये ठेवते आणि फीड रीडर नावाचा प्रोग्रॅम ठराविक वेळाने तिथे जाऊन काही नवे आले का, हे पाहून येतो. १९९९ मध्ये नेटस्केपने मांडलेल्या या पद्धतीचे नाव आरएसएस असल्यामुळे चारचौघांत ते उच्चारले, की ऐकणारा शाखेची वेळ विचारतो. म्हणून मी आपले 'फीड' एवढेच म्हणतो.

मोबाईल स्वतःहून बातम्या दाखवत असताना हा खटाटोप कशाला, असे मुलगी विचारते. तो दाखवतो हीच तर अडचण आहे. एकदा गुडघेदुखीवरचा एक लेख उघडला, तर पुढे पंधरा दिवस माझ्यासाठी जगात गुडघ्यांखेरीज काहीच घडले नाही.

गूगल रीडर २००५ मध्ये आला आणि १ जुलै २०१३ रोजी बंद झाला, तेव्हापासून माझी भटकंती चालू आहे. एका अ‍ॅपमध्ये सर्व काही छान होते, पण दोन ओळींतले अंतर इतके कमी, की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकींत अडकत. 'दुसऱ्या' हा शब्द तर दर वेळी मोडका दिसे. मराठी वाचणाऱ्याने अ‍ॅप निवडताना ही परीक्षा सर्वांत आधी घ्यावी, बाकीच्या सोयी मागाहून पाहाव्यात. दुसऱ्या अ‍ॅपने काही महिने नीट चालून एके दिवशी मजकूर तारखेच्या क्रमाऐवजी 'तुम्हाला आवडेल' अशा क्रमाने लावायला सुरुवात केली, तेव्हा मी त्याला निरोप दिला. काही संकेतस्थळे फीडमध्ये दोनच ओळी देऊन 'पुढे वाचा'वर बोट ठेवायला लावतात. तो मात्र रीडरचा दोष नव्हे, त्याबद्दल अ‍ॅप बदलून उपयोग नाही, हे मला तिसरे अ‍ॅप बदलल्यावर कळले.

खरा छळ मांडला तो आकड्याने. कोपऱ्यातल्या लाल वर्तुळात 'न वाचलेले' किती, हे सतत दिसत असे. दिवाळीत चार दिवस फोन बाजूला ठेवला आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पाहतो तर ३४७. मी चहा घेऊन बसलो आणि उधारीची वही मिटवावी तसे भराभर निपटू लागलो. दोन तासांनी आकडा १९० वर आला होता, आणि शेवटच्या लेखात काय होते ते मला आठवत नव्हते. मांडवीच्या त्या वाचनकक्षात शेकडो अंक असत आणि त्यांतले बहुतेक वडिलांनी कधी उघडलेही नाहीत, पण 'तुमचे एवढे राहिले' म्हणून तिथे कुणी त्यांच्या मागे लागल्याचे ऐकिवात नाही.

म्हणून सध्याचा रीडर मी आकडा लपवता येतो एवढ्यासाठी निवडला. त्यात शोधाची सोय यथातथाच आहे आणि रूपही डोळ्यांत भरण्याजोगे नाही, परंतु जोडाक्षरे शाबूत दिसतात आणि दहा दिवसांपूर्वीचा न वाचलेला मजकूर तो आपणहून बाजूला सारतो. रोज रात्री जेवण झाल्यावर चार लेख वाचून होतात, कधी तीनच. स्रोतांची यादी ओपीएमएल नावाच्या छोट्या फाईलमध्ये उतरवून घेता येते आणि तीच दुसऱ्या कोणत्याही रीडरला देता येते. पोळलेला असल्यामुळे ती मी दर महिन्याला उतरवतो. यादी एक पानभरसुद्धा नाही. गेल्या महिन्यात मी ती छापून विम्याच्या कागदांच्या फाईलमध्ये लावली, त्यावर घरात अजून हसे चालू आहे.