चकलीचा फोटो नक्की कोणासाठी काढायचा?

दिवाळी जवळ आली की इन्स्टाग्रामवर फराळाची ताटं रांगेनं दिसायला लागतात. पितळी ताट, बाजूला झेंडू, मागे पणती, मधोमध चकल्या. लोक बदाम देतात आणि अंगठ्यानं वर सरकवतात. फोटो टाकणाऱ्याच्या रेसिपी-ब्लॉगवर मात्र कोणी येत नाही, कारण यायचं कारणच त्या फोटोत नसतं. चकली कशी दिसते हे मराठी माणसाला सांगायची गरज नाही. त्याला पडलेला प्रश्न वेगळाच असतो: पहिला घाणा तेलात विरघळला, आता उरलेल्या पिठाचं काय करू?

फोटो त्या प्रश्नाचा काढायचा.

म्हणजे ब्लॉगवरच्या चकलीच्या एका पानासाठी निदान चार फोटो. तेलात सुटून भुगा झालेली चकली: मोहन जास्त झालंय, उरलेल्या पिठात थोडी कोरडी भाजणी मळून घ्या. सोऱ्यातून पडतानाच तुटणारी: पीठ कोरडं राहिलंय, पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. बाहेरून लाल आणि आत मऊ: आच मोठी होती, तेलातले बुडबुडे बसायच्या आतच बाहेर काढली. आणि चौथी नीट जमलेली, पण अख्खी नव्हे. मोडून, आतली पोकळी दिसेल अशी धरलेली. चारही फोटोंना वेगळं शीर्षक, दुवा मात्र एकाच पानाचा. फसलेला घाणा टाकून देण्याआधी त्याचा फोटो काढायची सवय लावा. मुद्दाम बिघडवलेली चकली ओळखू येते.

हे चार फोटो मुख्यतः पिंटरेस्टसाठी, म्हणजे चित्रं शोधायच्या आणि जतन करायच्या संकेतस्थळासाठी. तिथली पिन, म्हणजे दुवा जोडलेलं चित्र, थेट ब्लॉगवर नेते आणि लोक शोधत येतात, त्यामुळे जुनी पिनही महिनोन्‌महिने सापडत राहते. इन्स्टाग्रामवर पोस्टच्या मजकुरात टाकलेला दुवा दाबताच येत नाही. प्रोफाइलमधले दुवे किंवा स्टोरीवरचं दुव्याचं स्टिकर हीच मुख्य वाट. म्हणून इन्स्टाग्राम ओळख टिकवायला आणि पिंटरेस्ट वाचक आणायला, अशी वाटणी आम्ही सुचवू. ‘कमेंटमध्ये चकली लिहा, रेसिपी पाठवतो’ हा प्रकार आकडे फुगवतो, पण कृतीसाठी ताटकळलेला माणूस वैतागतो.

पिन उभी हवी, 2:3 प्रमाणात, 1000 × 1500 पिक्सेल. रीलचा मुखपृष्ठ-फोटो 1080 × 1920 असतो, पण प्रोफाइलवरच्या जाळीत तो 3:4 होऊन वरून आणि खालून प्रत्येकी 240 पिक्सेल कापला जातो. म्हणून अक्षरं मधल्या 1440 पिक्सेलमध्येच बसवा.

अक्षरांवर थोडं जास्त बोलावं लागेल, कारण मराठी ब्लॉगांच्या पिन बहुतेक इथेच मार खातात. तयार टेम्पलेट इंग्रजी अक्षरांच्या मापानं बेतलेले असतात. त्यात देवनागरी टाकली की वरची वेलांटी, मात्रा आणि रफार आधीच्या ओळीत घुसतात. ओळींतलं अंतर अक्षरांच्या मापाच्या 1.3 ते 1.4 पट ठेवा. बारीक वजनाचा फॉन्ट फोनवर लहान दिसला की शिरोरेषा फोटोत विरून जाते. मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता किंवा बालू हे मोफत फॉन्ट ठळक वजनात वापरा. श्रीलिपी या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टंकलेला जुना मजकूर तसाच चिकटवला तर अगम्य चिन्हं उमटतात, आधी तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्या. पाच-सहा शब्द पुरेत: ‘चकली तेलात का विरघळते?’

चित्रावरची अक्षरं शोधात सापडतीलच याचा भरवसा धरू नका. पिनच्या शीर्षकात आणि वर्णनात तेच पुन्हा लिहा, देवनागरीत आणि रोमन लिपीतही. पुष्कळ मराठी माणसं शोधताना रोमनमध्येच टंकतात, कोणी ‘chakli’, कोणी ‘chakali’ असं स्पेलिंग करून. दोन्ही रूपं वर्णनात सहज बसतात.

प्रकाशाचं थोडक्यात. खिडकी एका बाजूला, दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा, ट्यूबलाइट बंद. दोन्ही उजेड मिसळले की हळदीचा पिवळा रंग हिरवट दिसतो. स्टीलचं ताट आख्खं स्वयंपाकघर परावर्तित करतं, त्याऐवजी लाकडी पोळपाट घ्या. कॅमेऱ्याचं भिंग आधी पुसा. धुरकट फोटोमागे बहुधा तेलकट बोट असतं. आणि फोटो लॅपटॉपवर न्यायला व्हॉट्सॲप वापरत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर त्याचा दर्जा वाटेतच घसरतो.

वेळापत्रक गेल्या वर्षीच्या तारखांवरून उचलू नका. 2025 साली गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला आणि लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं. 2026 मध्ये अधिक महिन्यामुळे हेच दिवस 14 सप्टेंबर आणि 8 नोव्हेंबरवर गेले. पिन लोकांपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून सहा-आठ आठवडे आधी सुरुवात करा. म्हणजे मोदक वळत असतानाच चकलीची पहिली पिन जायला हवी. चारही एका दिवशी नकोत, आठवड्याला एक पुरे. संक्रांत तेवढी 14-15 जानेवारी सोडत नाही.

मग आकडे बघायचे, पण किती जणांना दिसली हा नव्हे. बाहेर जाणारे क्लिक किती, हा. पिन भरपूर जणांनी जतन केली आणि क्लिक नगण्य, असं झालं तर बहुधा भाजणीचं सगळं प्रमाण तुम्ही चित्रावरच लिहिलंय. क्लिक आहेत पण माणूस लगेच परत फिरतो, तर पान तपासा: पिनवर ‘का विरघळते’ विचारलंत आणि उत्तर भाजणीच्या इतिहासाखाली पुरलंय. प्रश्नाचं उत्तर वरच्या दोन परिच्छेदांत द्या, इतिहास खाली राहू दे.

एक चूक मात्र उशिरा कळते. पानाच्या पत्त्यात ‘दिवाळी-2025’ घालू नका. पुढच्या वर्षी तो बदलावासा वाटतो, आणि बदलताना जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं 301 वळण (रिडायरेक्ट) लावलं नाही, तर आधीच्या सगळ्या पिना ‘पान सापडत नाही’वर जाऊन आदळतात.