तुम्ही विचारलंत म्हणून : वेर्ण्यात एवढे कारखाने, मग औषध का नाही?

वेर्ण्याच्या औषध कारखान्यात मी गोळ्यांच्या तपासणीवर आहे, हे कळलं की माणसं हटकून विचारतात, "गोव्यात एवढ्या औषध कंपन्या, मग मुलांच्या मेंदूच्या कॅन्सरवर औषध का निघत नाही?" माझा भाचा त्यानेच गेला हे ज्यांना ठाऊक असतं, ते जरा अडखळत विचारतात.

भाचा सहा वर्षांचा होता. डावा डोळा आत वळू लागला, चालताना तोल जाऊ लागला. चष्म्याचा नंबर असेल म्हणत एका दवाखान्यात तीन आठवडे गेले. मग एमआरआय झाला आणि डीआयपीजी हे नाव कळलं. मेंदूच्या देठात भिनलेली गाठ, कापून काढता येत नाही. रेडिएशनने काही महिने उतार पडतो, पण बहुतेक मुलं वर्ष-दीड वर्षात जातात. सूज उतरायला डेक्सामेथासोन चालू होतं. ती इवलीशी गोळी ताई दोन चमच्यांमध्ये चुरडायची आणि मधात कालवायची. त्या औषधाने त्याचे गाल फुगले, भूक तर अशी की रात्री दोनला उठून पेज मागायचा. उकड्या तांदळाची पेज चुलीवर कायम झाकलेली असायची.

तशा गोळ्या कारखान्यात एका पाळीत लाखांनी निघतात, कारण काय बनवायचं ते कुणीतरी आधीच शोधून ठेवलंय. डीआयपीजीचं तसं नव्हतं. गाठीचा तुकडा काढणंच धोक्याचं, त्यामुळे कित्येक वर्षं संशोधकांच्या हाती तपासायला फारसं काही नव्हतं. मग परदेशातल्या काही आईबापांनी मूल गेल्यावर त्याची गाठ संशोधनाला दिली. अशाच नमुन्यांतून २०१२ मध्ये एच३ के२७एम हा जनुकीय बिघाड सापडला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्या बिघाडाच्या गाठींवर डॉर्डाविप्रोन या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली. ज्या ५० रुग्णांवरून ती मिळाली, त्यांतल्या २२ टक्क्यांच्या गाठी आक्रसल्या. आजार बरा झाला असं नव्हे. पण जिथे काहीच नव्हतं, तिथे हे आलं.

एवढे थोडे रुग्ण असलेल्या आजारावर एकटी कंपनी पैसा घालत नाही, हे मी आतून बघितलंय. ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्ये मेंदूच्या कॅन्सरसाठी सरकार, देणगीदार संस्था, संशोधक आणि उद्योग यांना एका मोहिमेत आणलं. अमेरिकेने त्याच वर्षी कायदा केला : मोठ्यांच्या कॅन्सरचं नवं औषध ज्या रेणूवर काम करतं, तो मुलांच्या कॅन्सरमध्येही महत्त्वाचा असेल, तर कंपनीने मुलांमध्येही त्याचा अभ्यास करायचा.

आपल्याकडे बांबोळीला मेडिकल कॉलेज आहे, उपचारांच्या खर्चासाठी सरकारची दीनदयाळ योजना आहे, मोठ्या कंपन्यांना नफ्यातले २ टक्के समाजकार्याला द्यावे लागतात. त्यातून शाळांना छप्परं मिळतात, मिळावीतच. पण गोव्यातल्या अशा प्रत्येक मुलाची नोंद, स्कॅन आणि आईबापांची तयारी असेल तर गाठीचा नमुना संशोधकांपर्यंत पोचवायचा खर्चही त्यातून व्हावा, असं मी आमच्या व्यवस्थापकांना लिहून दिलंय. दोनदा.

आम्हाला नमुन्याबद्दल कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं, तर ताई हो म्हणाली असती. ती स्वतः तसं म्हणते. त्याच्या एमआरआयची सीडी तिच्या कपाटात आहे, मुंबईला नेलेल्या त्याच प्लास्टिकच्या पिशवीत.